मुद्दा पहिल्या वाक्यात

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही सुरू करण्यामागचं कारण नोंदवण्याआधी थोडी पार्श्वभूमी देणं उचित ठरेल. मी सुधन्वा हर्डीकर, वय अठ्ठावन्न, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मंत्रालयाचं नाव लिहीत नाही, वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये बायको उल्का आणि मी असे दोघंच राहतो. मुलगा आशय गुरुग्रामला नोकरी करतो आणि महिन्यातून एकदा मळके कपडे घेऊन आईवडिलांना भेटायला येतो.

चौतीस वर्षांत माझ्या नोटिंगला कुणी नाव ठेवलेलं नाही. माझी नोट कमीत कमी चार पानांची असते. आधी पूर्वपीठिका, मग नियम, मग नियमांचे अपवाद, मग अपवादांवरची परिपत्रकं, आणि सरतेशेवटी 'आदेशार्थ सादर'. काय करावं हे मी कधीही लिहीत नाही. ते लिहिणारा पुढेमागे फसतो. माझ्या नोटा वाचून आजवर सात डायरेक्टर रिटायर झाले आणि एकालाही माझं मत काय हे कळलं नाही, याला म्हणतात ड्राफ्टिंग.

जानेवारीत नव्या डायरेक्टर मॅडम आल्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीहूनही लहान. आज त्यांनी माझी सहा पानी नोट कॉम्प्युटरवरून परत पाठवली, खाली इंग्रजीत एकच ओळ: मी नेमकं काय करावं असं तुमचं म्हणणं आहे? शिवाय सगळ्या सेक्शनला फर्मान. यापुढे प्रत्येक प्रस्ताव इंग्रजीत, एका परिच्छेदात, दीडशे शब्दांत. मुद्दा पहिल्या वाक्यात हवा.

परिच्छेद म्हणजे आठवीच्या पोरांना 'माझी मांजर' म्हणून घालतात तो.

परत आलेली फाइल यशवंत गोंडाणेच्या घरच्यांची होती. यशवंत माझ्याच सेक्शनमध्ये, माझ्याच वयाचा, मूळचा पुलगावचा. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये हार्टनं गेला. त्याच्या जागी मुलीला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळावी असा अर्ज आहे. समितीची बैठक सोळा एप्रिलला आहे. तीस एप्रिलपर्यंत नोकरी लागली तर क्वार्टर मुलीच्या नावावर होऊ शकतं, नाहीतर सोडून जावं लागेल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आशयला फोन केला. तो म्हणाला, बाबा, एआयला सांगा ना यार, दोन मिनिटांत देईल. त्यानंच ते मोबाइलवर बसवून दिलं. खुर्च्या दुरुस्तीचा प्रस्ताव घातला. यंत्रानं असा गोड परिच्छेद दिला की वाचताना माझंच मन भरून आलं. तुटलेल्या खुर्च्या म्हणजे संस्थेच्या प्रवासातलं एक महत्त्वाचं वळण, वगैरे.

मॅडमनी बोलावून विचारलं, "हर्डीकरजी, ये किसने लिखा है?" मी म्हणालो, सेक्शनने. त्या म्हणाल्या, सेक्शनला सांगा, पुढच्या वेळी स्वतः लिहायला.

रविवार, ९ फेब्रुवारी

उल्का दुपारी रमावहिनींकडे गेली होती. या यशवंतच्या मिसेस, दोन ब्लॉक पलीकडे राहतात. या दोघी तासन्‌तास काय बोलतात देव जाणे. आल्या आल्या म्हणाली, श्रावस्ती तुम्हाला इंग्रजी परिच्छेद शिकवायला तयार आहे. श्रावस्ती म्हणजे यशवंतची मुलगी, चोवीस वर्षांची, इंग्रजीत एम.ए. लक्ष्मी नगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलांकडून निबंध लिहून घेते. फी घेणार नाही म्हणे. मी तिला काकांसारखा, म्हणून.

मला बरं वाटलं. मोठ्या माणसाबद्दल आदर राखणारी पोरं हल्ली कुठे मिळतात? मी उल्काला म्हणालो, त्यांच्यातल्या मुलीही आता किती चांगलं इंग्रजी लिहितात बघ. उल्कानं विचारलं, "त्यांच्यातल्या म्हणजे कुणातल्या?" मी म्हणालो, विदर्भातल्या. मी कधीच असलं काही मानत नाही. यशवंत माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं जेवला.

आता प्रश्न असा की जिची फाइल माझ्या टेबलावर आहे तिच्याकडून शिकावं का. नियम काढून पाहिले. अर्जदाराकडून भेटवस्तू घेऊ नये, मिठाई घेऊ नये, पाहुणचार घेऊ नये असं स्पष्ट आहे. परिच्छेद घेऊ नये असं कुठेही नाही. दर शनिवारी चार वाजता यायचं ठरलं.

मी एकच अट घातली. शेजारीपाजारी सांगायचं की ती उल्काला शिकवायला येते. उल्का रात्रीची जेवणं झाल्यावर बरं म्हणाली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पहिला धडा. मुलगी आईवर गेली आहे, बोलणं बापासारखं तुटक. मी तिला माझ्या निवडक नोटांची फाइल दाखवली. तिनं दोन पानं वाचली आणि म्हणाली, "काका, इंग्रजी बिल्कुल ठीक आहे तुमचं. मतलब, चुका नाहीत. पण तुम्हाला पाहिजे काय ते मला कळलं नाही." मी हसलो. म्हटलं, पोरी, तेच तर कसब आहे.

मग तिनं कागदावर लिहून दिलं: आधी मुद्दा, मग कारण, मग पुरावा, मग थांबायचं. एका परिच्छेदात एकच गोष्ट. मी म्हणालो, इतकं सोपं असतं तर सरकारनं आम्हाला कशाला ठेवलं असतं? ती म्हणाली, हेच बाबापण विचारायचे.

गृहपाठ: उद्याच्या रविवारी जे कराल, त्यावर एक परिच्छेद. उल्का समोर मटार सोलत बसली होती आणि सगळं ऐकत होती.

शनिवार, २२ फेब्रुवारी

माझ्या परिच्छेदाचं अक्षरशः पानिपत झालं. गेल्या रविवारी आम्ही पानिपतलाच गेलो होतो, आशयच्या नव्या फ्लॅटसाठी चादरी घ्यायला. मी सुरुवात सतराशे साठपासून केली. भाऊंची कुंजपुऱ्याची स्वारी, यमुनेचा उतार, रसदीची टंचाई, सगळं क्रमवार मांडलं. दुसऱ्या पानाच्या शेवटी आमची गाडी मुरथलला पराठे खायला थांबली.

श्रावस्तीनं शांतपणे वाचून विचारलं, "काका, चादरी घेतल्या का?" मी म्हणालो, ते ओघात येणारच होतं. उल्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "सहा घेतल्या. दोन आखूड निघाल्या." श्रावस्ती म्हणाली, बघा, काकूंनी पॅरा लिहिला.

हे मला आवडलं नाही. उल्काला एवढं अवघड काय आहे, तिच्या बोलण्याचं कुणी ऑडिट करत नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मिसेस शर्मांनी उल्काला थांबवून कौतुक केलं, भाभीजी, इस उमर में अंग्रेज़ी सीख रही हैं, वाह. उल्का बी.एड. आहे. अठ्ठावीस वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं. संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं.

शनिवार, १ मार्च

आजचा धडा उत्तम झाला. गृहपाठ होता, तुम्हाला अभिमान वाटतो अशी एखादी गोष्ट. मी ठरवलं, साहित्य नको, अनुभव लिहू. माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम क्वेरी मी विषय म्हणून निवडली. गोपनीयता म्हणून नावं बदलली. अर्जदाराला मिस ए केलं, तिच्या पुलगावच्या काकाला मेहुणा केलं, आणि मराठीला 'एक प्रादेशिक भाषा' म्हटलं. इतकी काळजी घेतल्यावर साक्षात यशवंतलाही ओळखू आलं नसतं.

क्वेरी अशी. मिस ए हिनं अनुकंपा नोकरीसाठी अर्ज केला. कागद सगळे पूर्ण होते. पण मी अर्ज पाहिला आणि माझ्या मनात आलं, या कुटुंबाला एखादा नातेवाईक पोसत असेल तर? मी गावाकडच्या मेहुण्याचा दाखला मागितला की तो यांना पोसत नाही. तहसीलदाराच्या सहीनं. पाच महिन्यांनी दाखला आला, पण प्रादेशिक भाषेत. आता ती भाषा माझी मातृभाषा. मला दाखला वाचता येत होता, समजत होता. दुसरा एखादा वाहवत गेला असता. पण फाइलला ती भाषा येत नव्हती. मी प्रमाणित इंग्रजी अनुवाद मागवला. माझ्या मातृभाषेला मी एका पैचीही सवलत दिली नाही. अनुवाद येईपर्यंत समितीच्या त्या वर्षीच्या बैठका होऊन गेल्या.

श्रावस्ती बराच वेळ वाचत होती. एकच पान होतं तरी. मग तिनं विचारलं, "काका, नियमात नातेवाइकाचा दाखला मागितलाय?" मी म्हणालो, नाही, पण मागायला मनाईही नाही, तीच तर मेख आहे. तिनं पेनचं टोपण लावलं आणि म्हणाली, "पॅरा चांगला आहे. पहिल्यांदाच मला कळलं की कोणी काय केलं." मग पाणी मागितलं.

माझ्या लेखनाचा तिच्यावर परिणाम झालेला दिसत होता. उल्कानं मटारच्या सालांचं ताट इतक्या जोरात आपटलं की अर्धी सालं खाली पडली. बायकांना दुसऱ्याचं कौतुक सहन होत नाही.

सोमवार, १० मार्च

मॅडमनी आज सगळ्या सेक्शनला एक जुनी नोट नमुना म्हणून पाठवली. 'असं लिहा' एवढंच वर. उघडून पाहतो तर यशवंतची. चार वर्षांपूर्वीची, रेकॉर्ड रूमच्या गळतीबद्दल. छप्पर गळतं आहे. अमुक फायली भिजल्या. तमुक दिवसात दुरुस्ती केली नाही तर उरलेल्या भिजतील. दुरुस्तीला मंजुरी द्यावी. संपली नोट.

ही नोट मला चांगली आठवते. माझ्याकडे आली तेव्हा मी तिला 'कच्चं ड्राफ्टिंग' असा शेरा मारून साडेतीन पानांची केली होती. तेवढ्यात पाऊस येऊन गेला. यशवंत असंच लिहायचा, शाळकरी पोरासारखं. मी त्याला अनेकदा समजावलं. म्हटलं, तू कोट्यातून आलास म्हणून कुणी बोट दाखवू नये, तर भाषा भारदस्त ठेव. तो ऐकून घ्यायचा आणि डबा उघडायचा.

आता तीच नोट नमुना. दिवस फिरले की असंच व्हायचं.

शनिवार, २२ मार्च

खुर्च्यांचा परिच्छेद मंजूर झाला. मी लिहिलेला, एकशे बारा शब्दांचा. चौदा खुर्च्या मोडल्या आहेत, त्या दुरुस्त कराव्यात, असं थेट. लिहून झाल्यावर घाम फुटला होता, चारचौघांत सदरा काढून उभा राहिल्यासारखं वाटत होतं. तासाभरात मंजुरी आली. माझ्या खुर्च्यांच्या फाइलीला एरवी दीड वर्ष लागतं.

श्रावस्तीला दाखवलं. तिला मनापासून आनंद झाला. म्हणाली, काका, आता तुम्ही तयार आहात. कशाला, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात जेवायला गेलो. तिथे भाऊसाहेब भेटले. हे माझे जुने साहेब, अंडर सेक्रेटरी होऊन रिटायर झाले, मला नोटिंग त्यांनीच शिकवलं. श्रीखंडाची तिसरी वाटी संपवताना म्हणाले, प्रमोशनची यादी मे महिन्यात निघते आहे, तुझं नाव आहे. अंडर सेक्रेटरी! दारावर पाटी, पेन्शन त्या पदाची, आणि आशयच्या लग्नपत्रिकेत वडिलांच्या नावाखाली छापण्यासारखं काहीतरी.

मी गोंडाणे फाइलीचं सांगितलं. समितीसाठी परिच्छेद लिहायचा आहे आणि दोन वर्षं का लागली ते त्यात कसं बसवावं कळत नाही. ते म्हणाले, "प्रक्रियात्मक कारणांमुळे, असं लिही. प्रक्रियेला कुणी मेमो देत नाही." भाऊसाहेब ते भाऊसाहेब.

शनिवार, ५ एप्रिल

आज मी खरा परिच्छेद श्रावस्तीपुढे ठेवला, अर्थात मिस ए हे नाव घालून. पहिल्याच वाक्यात मुद्दा: मिस ए हिला नोकरी द्यावी. मग कारणं: वडील सेवेत असताना वारले, घरात दुसरं मिळवतं कुणी नाही, तीस एप्रिलला निवारा जाईल. शेवटी, प्रक्रियात्मक कारणांमुळे दोन वर्षं लागली.

तिनं पेन्सिल शेवटच्या वाक्यावर ठेवली. म्हणाली, वाचणारा इथे अडकेल. तो विचारेल, कुठली कारणं? परिच्छेदानं वाचणाऱ्याच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पाहिजे. मी म्हणालो, सरकारी परिच्छेदाला ते बंधन नाही. ती म्हणाली, ठीक आहे.

मग कागद दुमडत तिनं विचारलं, "काका, मिस ए मीच ना?"

मी म्हणालो, फाइलीतल्या बाबी अर्जदाराशी बोलता येत नाहीत. ती "अच्छा" म्हणाली आणि पुढच्या आठवड्याचा गृहपाठ न देता गेली. उल्का बाहेर आली नाही.

बुधवार, ९ एप्रिल

फाइल परत आली. मॅडमनी पहिल्या तीन वाक्यांखाली 'उत्तम' लिहिलं आहे. असा शेरा मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. शेवटच्या वाक्याखाली मात्र लिहिलं आहे: कोणती प्रक्रियात्मक कारणं? समिती हेच विचारेल. अर्जदाराकडून दिरंगाई झाली असेल तर प्रकरण पुढच्या बैठकीत, ऑक्टोबरमध्ये. मंगळवार पंधरापर्यंत उत्तर द्यावं.

म्हणजे दोनच वाटा आहेत. दिरंगाई अर्जदाराची, असं लिहिलं की माझी सुटका, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटंही नाही. दाखला त्यांनीच उशिरा दिला. फक्त तो मी मागितला होता, एवढं वगळायचं. मायलेकी ऑक्टोबरपर्यंत पुलगावला राहतील. गाव त्यांचंच आहे, तिथे काका आहे. अर्थात तो यांना पोसत नाही, असा तहसीलदाराच्या सहीचा दाखला माझ्याच फाइलीत आहे.

शनिवार, १२ एप्रिल

श्रावस्ती आली नाही. मी चार वाजता वही-पेन घेऊन बसलो होतो. साडेपाचला उठलो.

सोमवार, १४ एप्रिल

आज जयंतीची सुट्टी. रमावहिनी आणि श्रावस्ती पांढऱ्या साड्या नेसून संसद मार्गावर अभिवादनाला निघाल्या होत्या. उल्काही त्यांच्याबरोबर गेली, मला विचारलंसुद्धा नाही. मी फाइलीचे छापील कागद घेऊन घरी बसलो. पहिल्या पानापासून सगळं वाचलं, जसं कधी वाचत नाही तसं, दुसऱ्या कुणाची फाइल असल्यासारखं.

अकरा क्वेऱ्या निघाल्या. अकराही माझ्या. मृताची स्थावर मालमत्ता किती, याची एक. विधवेनं पुनर्विवाह केला आहे का, याची एक, यशवंतला जाऊन तीन आठवडे झाले होते तेव्हाची. प्रत्येक क्वेरीचं उत्तर श्रावस्तीच्या हातचं, सुबक इंग्रजीत, तीनचार ओळींत. पहिल्या वाक्यात मुद्दा. ही पत्रं आली तेव्हा मी फक्त आवक क्रमांक पाहिले होते.

मी असं का केलं हे शोधत बसलो. राग नव्हता, लाच नको होती. यशवंत चांगला माणूस होता, त्याच्या अंत्ययात्रेत मी निगमबोध घाटापर्यंत गेलो. पण एक आठवलं. अर्ज पहिल्यांदा हातात आला तेव्हा मनात आलं होतं की या लोकांना सगळं किती चटकन मिळतं. तेवढंच. मग मी दाखला मागितला.

हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे.

उल्का दुपारी परतली. कागद पसरलेले पाहून म्हणाली, "अहो, ती मुलगी दोन महिने तुमच्यासमोर बसली. एकदा तरी तिनं फाइलचं विचारलं?" मी नाही म्हणालो. तिनं चपला काढल्या आणि आत गेली.

मंगळवार, १५ एप्रिल

खरं लिहिलं. दहा वाजता बसलो, पावणेअकराला पाठवलं, वाचायला परत उघडलं नाही. शेवटच्या वाक्याच्या जागी तीन वाक्यं टाकली. विलंब अर्जदाराचा नाही. नियमात नसलेले कागद मी मागितले आणि मला वाचता येणाऱ्या दाखल्याचा अनुवादही मीच मागवला. यासाठी अर्जदाराला शिक्षा होऊ नये.

एकशे सेहेचाळीस शब्द झाले. भाऊसाहेबांचा फोन आला होता, घेतला नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

श्रावस्तीला नोकरी मिळाली. समितीनं काल सात मिनिटांत मंजुरी दिली. कनिष्ठ लिपिकाचं पद आहे, तिच्या शिक्षणाच्या मानानं फारच खालचं, पण क्वार्टर वाचलं.

मलाही एक कागद मिळाला. नियमबाह्य क्वेऱ्या काढून एका कुटुंबाला दोन वर्षं ताटकळत ठेवल्याबद्दल माझ्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सोमवारपर्यंत द्यावा. एका परिच्छेदात. मॅडमनी तो स्वतःच्या हातानं दिला आणि म्हणाल्या, "अच्छा लिखा आपने." मेमो देताना कौतुक करणारा अधिकारी मी पहिल्यांदा पाहिला. मेच्या यादीचं आता विसरायला हवं.

वाईट वाटतं आहे. खोटं कशाला लिहू, पाटीचं फार वाईट वाटतं आहे.

शुक्रवार, १८ एप्रिल

मी आज यशवंतच्या घरी जाऊन आलो. गुड फ्रायडेची सुट्टी होती. दोन ब्लॉकचं अंतर, आणि तेराव्या दिवसानंतर... त्यांच्यात तेरावा नसतो हेही मला उल्कानं वाटेत सांगितलं. दोन वर्षांत मी त्या घरी गेलोच नव्हतो.

दार रमावहिनींनी उघडलं. मी पार्श्वभूमी तयार करून गेलो होतो, हवामानापासून. पण त्यांना पाहिलं आणि उंबऱ्यातच बोलून टाकलं, "वहिनी, तुमची फाइल मी अडवली होती."

त्या म्हणाल्या, "माहीत आहे भाऊजी. आत या, बसा."

सामान अर्धं बांधलेलं होतं. दोन खोकी उघडून श्रावस्ती भांडी परत मांडणीवर लावत होती. उल्का तिच्या मदतीला गेली, आपल्याच घरात वावरावं तशी. मी खुर्चीच्या टोकावर बसलो. यशवंतचा फोटो समोरच होता, त्याच्याकडे पाहणं टाळलं.

केव्हापासून माहीत आहे, मी विचारलं. रमावहिनी म्हणाल्या, पहिल्याच वर्षी कळलं होतं. ऑफिसातल्या एका शिपायानं सांगितलं, अकरा वर्षं वहिनींच्याच हातचा डबा त्यानंही खाल्ला होता. उल्कालाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, मी राखत होतो ती गोपनीयता फक्त माझ्यापुरतीच होती.

मी श्रावस्तीकडे पाहिलं. तिला विचारलं, माहीत होतं तर मला शिकवायला का आलीस? मला वाटत होतं, आदर म्हणून. हे शेवटचं वाक्य मी मोठ्यानं बोललो की नाही, आता आठवत नाही.

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "काका, आधी आम्ही तुमच्या बदलीची वाट पाहिली. ती झाली नाही. मग रिटायरमेंट मोजली, तर दोन वर्षं बाकी होती. आम्ही दुसरं काय करणार? पॅरा तर तुम्हीच लिहिणार होता. म्हणून आई म्हणाली, शिकवून बघ."

रमावहिनींनी चहा आणून ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मला लाज वाटली. चहा पुरता संपवला, टाकून उठणं बरं दिसलं नसतं.

निघताना श्रावस्ती दारापर्यंत आली. मी म्हणालो, सोमवारी मला खुलासा द्यायचा आहे, एकच परिच्छेद, उद्या शनिवार आहे, चार वाजता येऊन तेवढा तपासून देशील का?

तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, "नाही काका. तो तुमचा तुम्ही लिहा."